पोचला म्हणायचं राहून गेलं

एप्रिल संपत आला की आमच्या डोंबिवलीत गुलमोहराच्या आधी शिबिरांचे फ्लेक्स फुलतात. विजेच्या खांबावर, रिक्षा स्टँडच्या मागे, पोळी-भाजी केंद्राच्या छपरावर. अबॅकस, रोबोटिक्स, संस्कार वर्ग, स्केटिंग, आणि या सगळ्यांच्या मध्ये लाल ग्लव्हज घालून कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी मी. ‘मुलींनो, स्वतःचं रक्षण स्वतः करा.’ फोटो आठ वर्षांपूर्वीचा आहे. आता माझं वजन वाढलंय, पण फ्लेक्सवाला म्हणतो, मॅडम, तोच राहू द्या, त्यात तुम्ही खतरनाक दिसता.

यंदा फ्लेक्सवर एक ओळ वाढवली. किकबॉक्सिंगच्या खाली ‘पारंपरिक लाठीकाठी’. हल्ली पालकांनाच हवी असते. सोसायटीच्या शिवजयंतीला मुलीने नऊवारी नेसून लाठी फिरवली की रील छान होते. बारा वर्षांपूर्वी हेच पालक, किंवा यांच्यासारखेच दुसरे, लाठीकडे बघून नाक मुरडत होते. त्यांचा राग मला येत नाही. नाक मुरडायला मीच शिकवलं होतं त्यांना.

आप्पा गेल्यानंतरचा हा पहिला मे आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर उभे राहिले आणि साधारण तितकीच वर्षं कोपरीत देवळामागच्या मैदानावर लाठी शिकवली. गाव कोल्हापूरकडचं. तिथल्या तालमीत ते लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा शिकले आणि पोटासाठी ठाण्याला आले तेव्हा एका वळकटीत गुंडाळून पट्टा बरोबर घेऊन आले. आई म्हणायची, लग्नात यांनी मला मंगळसूत्र घातलं तेव्हा माझं लक्ष होतं भिंतीवरच्या त्या पात्याकडे. म्हटलं, कुठे येऊन पडले मी.

मे महिन्यात कोपरी अर्धी रिकामी व्हायची. निम्मी चाळ कोकणात, निम्मी देशावर. ज्यांना गावी जायचं नसायचं त्यांची पोरं आयांच्या पायात पायात करायची, आणि आया त्यांना सकाळी सहाला आप्पांच्या स्वाधीन करायच्या. आदल्या संध्याकाळी आप्पा मैदानावर पाणी मारून ठेवायचे. सकाळी माती गार आणि घट्ट असायची, अनवाणी पायांना बरी वाटायची. वारा पूर्वेकडून असला की खाडीचा खारट, चिखलट वास यायचा. कुणाच्या तरी घरात कैरीचं लोणचं घालणं चालू असायचं, त्याची फोडणी मैदानापर्यंत पोचायची आणि आम्हाला शिंका यायच्या. काठ्यांना वर्षातून एकदा, शिबिराच्या आदल्या रविवारी, तेल पाजायचं. आम्ही पोरं ओटीवर रांगेने बसून फडक्याने काठ्या चोळायचो. हाताला तो वास दोन दिवस राहायचा. वरणभात खातानाही काठी खाल्ल्यासारखं वाटायचं.

पहिले आठ दिवस आप्पा काठी हातात द्यायचे नाहीत. नुसते पवित्रे, म्हणजे पाय कुठे पडायचा, वळायचं कसं, वजन कुठल्या टाचेवर. निम्मी पोरं तिथेच कंटाळून पळायची. आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, काठी हातात आली की माणूस हाताने विचार करायला लागतो, त्याआधी पाय शहाणे झालेले बरे.

आणि एक रीत होती. आमच्या मैदानावर दोघांचा सराव चालायचा तेव्हा पंच नसायचा. वार अंगाला लागू द्यायचा नाही. खांद्यापाशी, कमरेपाशी, डोक्यापाशी काठी नेऊन टेकली न टेकली अशी थांबवायची आणि खाली घ्यायची. मग ज्याच्यापर्यंत वार आला त्यानेच मोठ्याने म्हणायचं, ‘पोचला.’ डाव संपला. मारणाऱ्याने काही बोलायचं नाही. खाल्लेल्यानेच सांगायचं. नवी पोरं सुरुवातीला लपवायची, ओढूनताणून ‘नाय पोचला काका’ म्हणायची. आप्पा रागवायचे नाहीत, त्यांच्याशी वादही घालायचे नाहीत. ‘बरं, तू म्हणतोस तर नाही,’ म्हणायचे आणि पुन्हा डाव लावायचे. दोन-तीन दिवसांत त्या पोराचं त्यालाच कसंतरी व्हायचं. पंधराव्या दिवशी पोरं काठी टेकायच्या आधीच ‘पोचला’ ओरडायला लागायची, मग आप्पांना त्यांना थांबवावं लागायचं.

आप्पांचा हात लेथवरचा होता. केसाएवढं जास्त कापलं गेलं तर अख्खा जॉब भंगारात, अशा कामात तयार झालेला. मी दहा वर्षांची असताना गणपतीत त्यांनी माझ्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापलं होतं. मी डोळे मिटले नाहीत. पातं आलं आणि गेलं, तळव्यावर नुसता रसाचा ओला स्पर्श. आईने नंतर दोघांनाही धारेवर धरलं, तीन दिवस आप्पांशी बोलली नाही. मला भीती वाटली का, असं पुष्कळांनी विचारलं. नाही वाटली. त्यांच्या हातावर माझा तेवढा विश्वास होता.

हे सगळं मला येत होतं. आणि तरी एकोणिसाव्या वर्षी एका संध्याकाळी, क्लासहून येताना स्टेशनच्या पुलावर एका माणसाने माझा दंड धरला तेव्हा मी काहीही करू शकले नाही. उजेड होता. माणसं होती. मी हात सोडवायला गेले तर त्याने कानाखाली मारली. माझ्या आयुष्यातली ती पहिली. आप्पांनी मला कधी टिचकीही मारली नव्हती. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी उभीच राहिले. नऊ वर्षांचे पवित्रे, शेकडो वार, सगळं कुठल्या कुठे. हातात काठी नव्हती, हे एक. आणि मार कसा असतो हेच मला माहीत नव्हतं, हे दुसरं. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई ओरडल्या म्हणून तो पळाला. त्या बाईंना लाठी येत नव्हती.

घरी कुणाला सांगितलं नाही. आप्पांना तर नाहीच. मला त्यांचा राग आला होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती. दोन महिन्यांनी मी ठाण्यात एका किकबॉक्सिंगच्या क्लासला नाव घातलं. तिथे तिसऱ्याच दिवशी एका मुलीचा ठोसा माझ्या नाकावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सर म्हणाले, ‘रोना बाद में, गार्ड उठा.’ मी गार्ड वर केला. त्या रात्री नाक दुखत होतं आणि मी कित्येक आठवड्यांनी शांत झोपले.

आई-आप्पा जेवायला बसले की माझी तोफ सुरू व्हायची.

‘आप्पा, तुमच्या पोरी मारच खात नाहीत. त्यांना रस्त्यात कुणी एक दिली ना, तिथेच पुतळा होतील.’

‘मग काय, सवय व्हावी म्हणून मीच मारू?’

‘ग्लव्हज घालून मारायचं. हळूहळू. आमच्याकडे तसंच असतं. आणि काठी कोण घेऊन फिरतं आता?’

‘छत्री आहे, झाडू आहे, लाटणं आहे. हातात येईल ते काठीच.’

‘म्हणजे पोरींनी लाटणं घेऊन कॉलेजला जायचं?’

‘पोळ्यासुद्धा शिकतील त्या निमित्ताने,’ आप्पा म्हणायचे आणि आई हसता हसता ठसका लागून पाणी प्यायची. ‘बरं मला सांग,’ आप्पा भात कालवत विचारायचे, ‘तुमच्यात ते वजन बघून जोड्या लावतात. तो पुलावरचा गुंड काय वजनकाट्यावर उभा राहून येणार आहे?’

पुलावरचा हे ते आपले उदाहरणादाखल म्हणत. मी ताटाकडे बघत राहायची.

आज माझ्याकडे येणारा प्रत्येक पालक आमच्या त्या वादातलाच प्रश्न विचारतो. मागच्या आठवड्यात शहाडहून एक गृहस्थ आले, मुलगी आठवीत. ‘मॅडम, प्रॅक्टिकली सांगा, सेल्फ डिफेन्सला बेस्ट काय? लाठी की तुमचं ते?’ पूर्वी मी छाती फुगवून सांगायचे. आता सांगते की लाठीमुळे अंतर कळतं. समोरचा किती जवळ आला की धोका, हे डोळ्याला आणि पायाला कळतं, आणि ते कळलं तर निम्म्या वेळा धोका अंगावर येतच नाही. किकबॉक्सिंगमुळे मार सोसायची सवय होते, पहिल्या फटक्याने डोकं बंद पडत नाही. दोन्हींत नियम असतात आणि रस्त्यावर ते नसतात. ओरडायला आणि पळायला दोन्हींकडे शिकवत नाहीत, ते मी शिकवते. गृहस्थ जरा नाराज झाले. त्यांना एक नाव हवं होतं. मग म्हणाले, ‘तुम्ही स्वतः काय प्रिफर कराल?’ मी त्यांना फॉर्म दिला आणि पाणी प्यायला उठले.

बारा वर्षांपूर्वीचा तो मे. मी सव्वीस वर्षांची होते, दोन-चार पदकं गळ्यात पडली होती आणि मला स्वतःची बॅच काढायची होती. हॉल मिळत नव्हता. आप्पाच म्हणाले, मैदान सकाळी माझं, संध्याकाळी तुझं. मंडळाचे सेक्रेटरी नंदूकाका, त्यांनाही त्यांनीच विचारलं. माझ्या पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी गेले तर मैदानावर पाणी मारून ठेवलेलं होतं. भर मे महिन्यात, चाळीला एक वेळ पाणी येत असताना. मी म्हटलं, आप्पा, आम्ही मॅटवर करतो, ओली माती नको. ते म्हणाले, बरं बरं, आणि बादली घेऊन घरी गेले.

महिनाभर पालकांची तुलना चालली. सकाळी बघून जायचे, संध्याकाळी बघून जायचे. नंदूकाकांना कशातही कार्यक्रम दिसतो. समारोपाला त्यांनी फळाच रंगवला, ‘बाप विरुद्ध लेक, जुनं की नवं?’ आप्पांना ते आवडलं नाही. ‘हे काय तमाशा करताय,’ म्हणाले. पण पुढच्या बॅचसाठी चाळीसेक पालक येणार होते आणि मला ते हवे होते. मी म्हटलं, माझ्यासाठी करा ना आप्पा. ते लगेच तयार झाले. माझ्यासाठी म्हटलं की ते नेहमीच लगेच तयार व्हायचे, आणि मला ते ठाऊक होतं.

संध्याकाळचे सहा. ऊन उतरलं होतं तरी जमीन तापलेली. पोरं पुढे बसलेली, मागे आयाबाप, कोपऱ्यात कोकम सरबताचं पिंप. आप्पा पांढऱ्या बनियनमध्ये, हातात त्यांची जुनी काठी. मी ग्लव्हज, शिनगार्ड, सगळा सरंजाम. नंदूकाकांच्या गळ्यात शिट्टी, पण ती कधी वाजवायची हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. मातीला हात लावून नमस्कार करताना आप्पांनी मला हळूच विचारलं, ‘नेहमीसारखंच ना गं?’

मी म्हटलं, ‘हो, नेहमीसारखंच.’

पहिलं मिनिटभर मला आत शिरताच येईना. काठीच्या टोकाचं एक वर्तुळ होतं आणि मी त्याच्या कडेकडेने फिरत होते. पोरं ‘काका, काका’ ओरडत होती. मग आप्पांनी डोक्याची हूल दिली. माझे दोन्ही हात वर गेले, आणि काठी खाली वळून माझ्या उजव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडाशी येऊन टेकली. माशी बसावी इतकीच. मला ती कळली. आजही मी बोट ठेवून दाखवू शकते कुठे. आप्पा थांबले, काठी त्यांनी खाली घेतली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

एक शब्द होता. तो म्हणायला श्वासभर वेळ लागतो. त्या श्वासात मला समोरच्या आया दिसल्या, फॉर्मचा गठ्ठा दिसला. आणि खरं सांगायचं तर तो पूलही दिसला. असल्या टेकवण्याला काय अर्थ आहे, हे कुणाला वाचवतं, असं काहीतरी डोक्यात तापून आलं. मी आत शिरले, त्यांचा दंड धरला आणि पाय झाडला. बासष्ट वर्षांचा माणूस उताणा पडला. नंदूकाकांनी शिट्टी वाजवली. टाळ्या इतक्या पडल्या की देवळातले पुजारी बाहेर येऊन बघायला लागले.

लोकांना काठी टेकलेली दिसलीच नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की म्हातारा काठी खाली घेऊन उभा राहिला आणि पोरीने त्याला आडवा केला. आप्पा उठून बसले. काठीचं टोक त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तो धरून उभे राहिले. ‘छान,’ म्हणाले. ‘पाय चांगला घातलास.’ मागे एक बाई दुसरीला सांगत होती, ‘बघितलंस? रिअल लाइफमध्ये हेच कामाला येतं.’ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकोणतीस नावं आली.

आईने रात्री त्यांच्या कमरेला हळद-चुना लावला. ती मैदानावर आली नव्हती.

पुढच्या मे महिन्यात आप्पांनी वर्ग लावला नाही. माझ्यामुळे पोरं गेली असं मी समजत होते, पण तसं झालं नव्हतं. आठ-दहा जुनी पोरं सकाळी सहाला घरी हाका मारायला आली होती. आप्पांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ‘आता दम लागतो रे उन्हात,’ म्हणाले. काठ्या मंडळाला देऊन टाकल्या. पट्टा गावच्या तालमीत पाठवला. स्कूटर विकली. मला वाटलं, धुसफूस आहे. रुसलेत. मनात मी त्यांच्याशी भांडायचे, हरल्यावर एवढं मनाला लावून घ्यायचं का, नवं येणारच ना. भांडण जिंकून झालं की गप्प बसायचे, कारण ते हरले नव्हते हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

निदान मी तसं धरून चालले होते. आप्पांना ठाऊक आहे. वार पोचला हे त्यांना कळलंय, मी खोटी वागले हेही कळलंय, आणि त्यांनी ते पोटात घातलंय. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, हार्डवेअरच्या दुकानावर हॉल घेतला, बॅचेस वाढल्या. दर पाडव्याला, दर दिवाळीला कोपरीला गेले की ठरवून जायचे की आज बोलायचं. मग जेवणं व्हायची, आईची शुगर, शेजाऱ्यांची लग्नं, आणि आप्पा विचारायचे, ‘क्लास काय म्हणतो?’ मी म्हणायचे, जोरात आहे. ते मनापासून खूश व्हायचे. त्यांना खूश झालेलं बघून मी आणखीच गप्प व्हायचे. आपला बाप आपल्याला खोटारडी समजतो आणि तरी प्रेम करतो, या गोष्टीची माणसाला हळूहळू सवय होते. मला झाली होती. त्यात एक वाईट प्रकारचा आधारही होता, की लपवायला काही उरलेलं नाही.

परवा लाठीच्या बॅचमध्ये इरा नावाची नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘मॅडम, तिची काठी मला लागलीच नाय, नुसती टच झाली. मग मी कशाला पोचला बोलू?’ मी तिला रीत समजावली. तिला पटली नाही. ‘पण मग मी हरणार ना?’ म्हणाली. अगदी खरं होतं तिचं. मी म्हटलं, हो, हरशील. ती विचारात पडली आणि परत गेली. मी भिंतीकडे तोंड करून मॅट्स सरळ केल्या, त्या सरळच होत्या.

गेल्या मे महिन्यात मी कोपरीला गेले होते. वाटेत स्टेशनबाहेर ताडगोळे घेतले, आप्पांना फार आवडायचे. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. आप्पा खिडकीशी बसले होते, त्र्याहत्तर वर्षांचे, बारीक झालेले, पण हात तसेच. नखाने ताडगोळ्याची साल अशी काढत होते की आतलं पाणी सांडत नव्हतं. मी म्हटलं, ‘आप्पा, पालक लाठी मागतायत. तुम्ही याल का? आठवड्यातनं दोन दिवस. मी गाडी पाठवते. नुसतं खुर्चीत बसून सांगा, पोरं करतील.’

माझ्या मनात होतं की ते आले तर सगळ्या मुलांसमोर बोलून टाकेन. ठरवूनच गेले होते.

त्यांचे डोळे क्षणभर चमकले. मग मान हलवली. ‘नको गं. मला जमायचं नाही.’

‘अजून रुसलायत माझ्यावर?’

‘रुसायला काय झालं?’ त्यांना खरंच कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय ते. मग कळलं. ‘अगं, तुझ्यावर कशाला रुसू? तू मला वेळेवर दाखवून दिलंस. उपकारच आहेत तुझे.’

‘काय दाखवून दिलं?’

त्यांनी ताडगोळा ताटलीत ठेवला. ‘वैशू, त्या दिवशी मला वाटलं, वार पोचला. इथं, खांद्याला. हाताला अगदी स्वच्छ कळलं मला. म्हणून तर काठी खाली घेतली. पण तू बोलली नाहीस.’ ते उजव्या हाताकडे बघत होते. ‘म्हटलं, संपलं. हाताला नाही ते कळायला लागलं. दोन बोटं लांब राहिली असेल काठी, आणि मला वाटतंय टेकली. असल्या हातानं पोरांच्या डोक्याजवळ काठी फिरवायची? एखाद्याचा डोळा गेला असता, मग? दोन डॉक्टरांना दाखवलं मी, तुझ्या आईला नाही सांगितलं. ते म्हणतात नजर चांगली आहे, हात चांगला आहे. त्यांना काय कळतंय. स्कूटरसुद्धा त्यासाठीच विकली. अंतराचा भरवसा नाही तर रस्त्यावर कशाला जायचं.’

खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडत होता. मी ऐकत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मला खोटी समजायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझं गप्प राहणं आणि स्वतःचा हात, या दोन्हींत त्यांनी मला खरं धरलं होतं. तीस वर्षं केसाएवढी चूक न केलेला हात त्यांनी माझ्या एका न बोलण्यावरून मोडीत काढला होता, आणि अकरा वर्षं त्या हाताला घाबरून राहिले होते.

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘पोचला होता.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘खांद्याला. इथे. मला कळला होता. मी बोलले नाही. तुमचा हात बरोबर होता आप्पा, मी खोटी वागले. पोचला होता.’ मला रडू आवरेना. चाळिशीकडे आलेली, फ्लेक्सवर खतरनाक दिसणारी बाई मी, नाक पुसत पुन्हा पुन्हा तेच सांगत होते.

आप्पांचा चेहरा मऊ झाला. लहानपणी मी माझ्या वाटणीचा पेढा त्यांना द्यायला जायची तेव्हा व्हायचा तसा. त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला.

‘असू दे गं. म्हाताऱ्याचं मन राखतेस,’ ते म्हणाले. ‘पोचला असता तर तू तेव्हाच बोलली असतीस. मी शिकवलंय तुला.’